मक्याची ओटी

जमियात भाजी घ्यायला गेले की हल्ली माझं भाजीकडे लक्ष नसतं. जमिया म्हणजे इथलं सहकारी दुकान, प्रत्येक वस्तीचं आपलं एक. तिथे मालकिणीच्या मागे ट्रॉली ढकलत चालणाऱ्या आफ्रिकन मुली असतात, एखादीच्या कडेवर मालकिणीचं बाळ असतं. त्यांचे चेहरे मी बघत राहते. परवा एकीकडे इतका वेळ बघत होते की तिनेच विचारलं, मॅडम, काही हवंय का? मी नाही म्हटलं आणि घाईघाईने चार दुधी ट्रॉलीत टाकले. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "चार दुधी? आपण दोघं माणसं, त्यात मला दुधी आवडत नाही हे तुला तीस वर्षं माहीत आहे." मी म्हटलं, "आता आवडून घ्या."

माझा स्वभाव असाच आहे, आधीच सांगून टाकते. चूक माझी असली की माझा आवाज चढतो. शाळेत पोरं मला घाबरायची, घरी नवरा जपून असतो. एकट्या त्या पोरीला माझी कधी भीती वाटली नाही, आणि तिच्यापुढेच माझा आवाज कधी चढला नाही. चढायला हवा होता, तिच्यावर नाही, तिच्यासाठी.

आम्ही मूळचे नाशिकचे. हे मीना अल-अहमदीला रिफायनरीत इंजिनियर, मी इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायचे. राहतो अबू हलीफात, सहाव्या मजल्यावर. मुलाच्या खोलीतून समुद्र दिसतो. मुलगा आता कॅनडात आहे. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आता विचारलं तरच देतो.

आमच्या शाळेत एक ज्येष्ठ बाई होत्या. दर उन्हाळी सुट्टीत त्या केनियाच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात शिकवायला जायच्या, स्वतःच्या खर्चाने. नऊ-दहा वर्षांपूर्वी मला म्हणाल्या, "चल की माझ्याबरोबर, सहा आठवडे." कुवेतचा जुलै म्हणजे दार उघडलं की कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते, ज्यांना जमतं ते सगळे पळ काढतात. मी हो म्हटलं. फार थोर विचार नव्हता त्यामागे. नणंदेकडे सहा आठवडे सल्ले ऐकण्यापेक्षा हे बरं, इतकंच.

शाळा म्हणजे विटांच्या सहा खोल्या आणि वर पत्रा. पाऊस आला की पत्र्यावर असा काही ताशा वाजायचा की शिकवणं बंद करून आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत बसायचो. एका वर्गात सत्तर मुलं, तिघांत मिळून एक पुस्तक. माझी एक जुनी खोड आहे. वर्ग जागा आहे का बघायला मी फळ्यावर मुद्दाम एक पायरी चुकवते. तिथेही चुकवली. सत्तरांत एकच हात वर आला. तेरा-चौदा वर्षांची काटकुळी मुलगी, भादरलेलं डोकं, कोपरावर विरलेला निळा स्वेटर. उभी राहून म्हणाली, "टीचर, तिसऱ्या ओळीकडे एकदा परत बघाल का?" चुकलात असं म्हणाली नाही, परत बघाल का म्हणाली. मी तिथेच पाघळले.

तिची आई गेलेली होती. बाप शहरात होता म्हणे, म्हणजे कुठेच नव्हता. आजीने वाढवलेली. आठवी झाली की शाळा संपणार, कारण पुढची शाळा दूर, वसतिगृहात राहायचं, आणि ते आजीच्या आवाक्याबाहेरचं. आमच्यासारखे जे स्वयंसेवक जायचे त्यांनी एकेका मुलाचं पालकत्व घ्यायचं, म्हणजे पुढच्या शाळेची फी भरायची, अशी तिथे पद्धत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी यादी पुढे केली. मी ती वाचलीही नाही. "ही मला द्या," म्हटलं, दुकानात साडीवर बोट ठेवावं तसं.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिची ओटी भरली. केनियात कसली ओटी, असं कुणी म्हणेल. पण आपल्या बायकांच्या बॅगेत एकदोन खण असतातच, कुठे द्यायची वेळ आली तर हात हलवत उभं राहायला नको म्हणून. खरं म्हणजे निघणारी पाहुणी मी. रीतीप्रमाणे ओटी माझी भरायची. पण तिथे शहाणी मीच होते ना. नारळ नव्हता, पपई घेतली. तांदूळ नव्हते, मका घेतला. पोरीने स्वेटरची झोळी केली आणि मी ओंजळीने मका घातला, वर खण ठेवला, कपाळाला कुंकू लावलं. सगळं खेडं गोळा झालं होतं. त्या गर्दीच्या भरात मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं, "आजीला सांगा, आजपासून ही माझी मानलेली मुलगी. माझं घर ते हिचं माहेर. कधीही यावं."

बाई म्हणाल्या, "असंच सांगू?"

"असंच सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. आजी उंच, वाळलेली बाई, डोक्याला फडकं, हातांची बोटं मुळांसारखी वाकडी. माझ्याकडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची गाडी निघायच्या वेळी ती कोंबडी घेऊन हजर. कोंबडी माझ्या हातात, वर नातीचा हात माझ्या हातात. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "रात्री त्यांच्या घरातली वडीलधारी माणसं बसली होती. ती म्हणते, तिने होकार दिला आहे. मुलगी आता दोघींची." मी हसले. कोंबडी शाळेच्या स्वयंपाकघरात दिली, फोटो काढले आणि पोरीच्या वहीत माझा फोन नंबर आणि पत्ता लिहून दिला, ब्लॉक, रस्ता, बिल्डिंग, मजला, सगळं.

आता सांगा, आपल्याकडे मानलेले भाऊ आणि मानलेल्या बहिणी पैशाला पासरी. माझा स्वतःचा एक मानलेला भाऊ नाशिकला आहे, त्याचं लग्न झाल्याचं मला फेसबुकवर कळलं. आपण प्रेमाने बोलतो, तेवढ्यापुरतं ते खरंही असतं, आणि ऐकणाराही तेवढ्यापुरतंच धरतो. "या की एकदा घरी" म्हटल्यावर कुणी बॅग घेऊन येत नाही. तिथे त्या शब्दांवर वडीलधारी माणसं रात्रभर बसली होती, हे मला कळूनही कळलं नाही.

पुढची चार वर्षं तिची पत्रं यायची, शाळेच्या पाकिटातून. "प्रिय आई" ही सुरुवात. तो शब्द मीच शिकवला होता, तिने तो रोमन अक्षरांत लिहून त्याखाली रेघ मारलेली असायची. गणितात किती मिळाले, वसतिगृहात मैत्रीण कोण, आजीचा गुडघा कसा आहे. मी तिचा फोटो फ्रिजवर लावला होता. घरी कुणी आलं की विचारायचं, ही कोण? मी म्हणायचे, आमची केनियातली मुलगी. "किती करता हो तुम्ही," असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

शाळा संपली तेव्हा तिचे गुण चांगले होते आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. त्याच वर्षी आमच्या मुलाला कॅनडात प्रवेश मिळाला. मी तिला लिहिलं, "बघू या हं पुढचं." नाही म्हणायला आपली जीभ उचलत नाही, म्हणून आपण बघू म्हणतो. नाशिकच्या पोरीला ते तिथल्या तिथे कळलं असतं. ही वर्षभर थांबली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला हे फार नंतर एका पत्रात कळवलं, की ती दर आठवड्याला शाळेत येऊन विचारायची, आईचं काही आलं का. फ्रिजवरचा फोटो कधी निघाला ते मला आठवत नाही. मुलाच्या विद्यापीठाचं कॅलेंडर लावलं तेव्हा निघाला असावा.

मग तीन वर्षं काही नाही. आणि दोन वर्षांपूर्वी, इथली थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, कुवेतच्याच एका नंबरवरून मेसेज आला. "आई, मी तुझ्या देशात आले आहे."

आनंद झाला नाही, हे आधीच लिहून ठेवते. शाळेच्या आवारात गाडीत बसून मी तिचा पुढचा लांबलचक मेसेज वाचला. तालुक्याच्या गावी एजंट आला होता, कुवेतला घरकामाला मुली हव्यात म्हणून. गावातल्या बाकीच्या घरांनी मुली पाठवायला नकार दिला, कारण नाही नाही त्या गोष्टी त्यांच्या कानावर आल्या होत्या. हिच्या आजीने मात्र सांगितलं, माझ्या नातीला तिथे आई आहे, तिला काय भीती. एवढ्या एका वाक्यावर ती विमानात बसली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या कुटुंबात काम मिळालं होतं. फोन शुक्रवारी तासभर मिळतो, म्हणाली. भेटायला कधी येऊ, असं विचारलं होतं.

मी लिहिलं, "अरे वा. तब्येतीची काळजी घे. सवडीने भेटू." आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. त्यानंतर दर शुक्रवारी तिचा मेसेज यायचा. काहींना मी उत्तर दिलं, काहींना राहून गेलं. गाडीने जेमतेम पाऊण तासाचं अंतर. त्या तीन महिन्यांत मी दोनदा फर्निचर बघायला त्या बाजूला गेले होते.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. अबू हलीफा, महबूला आणि आसपासच्या मिळून पस्तीस बायका येणार होत्या. हे ड्यूटीवर गेले होते. सकाळी अकराच्या सुमाराला मी तिळाच्या वड्या थापत असताना खालून हारिसचा, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या राखणदाराचा, इंटरकॉम आला. तो बांगलादेशचा, हिंदी बोलतो. म्हणाला, "मॅडम, एक लडकी आयी है नीचे. बोलती है आपकी बेटी है." त्याच्या आवाजात हसू होतं. मी म्हटलं, "भेज दो."

दार उघडलं. ती माझ्याहून उंच झाली होती. डोक्याला घट्ट रुमाल, अंगात घरकामाच्या मुलींचा तो लांब झगा, पायात सपाता. हातात काही नव्हतं, पिशवी नाही, फोन नाही. डाव्या मनगटाला कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. वाकून माझ्या पाया पडली, हेही मीच कधीतरी शिकवलं असणार. मग म्हणाली, "आई, मी इथे राहू का?"

बघा, तिने पहिल्याच वाक्यात विचारलं. मला पुढे समजलं नव्हतं, अंदाज नव्हता, असं म्हणायला जागाच ठेवली नाही. मी म्हटलं, "आधी आत तर ये. चहा घे."

तिने चहा घेतला, चार पोळ्या खाल्ल्या, मी वाढत राहिले. पोटभर खा म्हणून दटावत होते, ती हसत होती. घर दाखवलं. मुलाच्या खोलीत ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली, समुद्र बघत. तिथे बोलली थोडंसं. घरात अकरा माणसं आहेत, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत काम असतं, सुट्टी नाही, झोपायला सामानाची खोली. कचरा टाकायला खाली आली आणि तशीच चालत निघाली. रस्त्यावर एका टॅक्सीवाल्याला तिने खिशातलं, माझ्या पत्त्याचं वहीचं पान दाखवलं. मनगटाचं मी विचारलं नाही. पट्टी मला दिसत होती, ती ज्या बेताने कप धरत होती तेही दिसत होतं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आल्यावर काहीतरी करावं लागलं असतं.

चारला बायका यायला लागल्या. मी तिला म्हटलं, तू आत बस. पण ती कसली बसते. आईच्या घरी कार्य आहे म्हटल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून बशा विसळायला लागली, मग वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. आमच्यातल्या एकीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला मोठ्याने विचारलं, "चांगली मिळाली गं बाई. कुठल्या एजन्सीची?"

पस्तीस बायका. अर्ध्या जणींनी कधीतरी फ्रिजवरचा फोटो बघून किती करता हो म्हटलेलं.

मी म्हटलं, "आजच्यापुरतीच आहे."

तिला मराठी येत नव्हतं. तरी तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताट पुढच्या बाईपुढे धरलं.

मी हळदीकुंकू लावत, ओट्या भरत निघाले. ओळ संपत आली तेव्हा ती दारापाशी उभी होती आणि झग्याचा पुढचा घोळ तिने दोन्ही हातांत धरला होता, झोळी करावी तसा. मला दिसलं. माझ्या हातात तांदळाची वाटी होती. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, चला, कॉफी कोणाकोणाला?

शेजारच्या फ्लॅटमधली भाभी रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान. हळदीकुंकवाला नाही, पण खायला-प्यायला आणि गप्पांना ती दरवर्षी येते. बायका गेल्यावर ती मागे राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, ती पोर तुम्हाला आई म्हणते. मी ऐकलं स्वयंपाकघरात."

"तिकडे सगळ्यांनाच म्हणतात," मी म्हटलं.

"तिचा हात बघा हो एकदा," भाभी म्हणाली आणि गेली.

हे साडेपाचला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी बूट काढता काढता दोनच प्रश्न विचारले, "पासपोर्ट कुणाकडे? कफील कोण?" कफील म्हणजे ज्याच्या नावावर माणूस या देशात राहतो तो. तिचा कफील अर्थात ते घरवाले, पासपोर्टही त्यांच्याकडे. हे म्हणाले, "म्हणजे ती पळून आली आहे. त्यांनी तक्रार केली की तिच्यावर केस, आणि तिला घरात ठेवली म्हणून आपल्यावर. माझी नोकरी जाईल, आपण दोघं नाशिकला. कळतंय का तुला?" ते ओरडले नाहीत. त्यांचं म्हणणं कायद्याने चुकीचंही नव्हतं.

मी भांडायला हवं होतं. दुधीवरून भांडणारी बाई मी, रिक्षावाल्याशी, नणंदेशी, शाळेच्या मॅनेजमेंटशी भांडलेली. अशा मुलींसाठी इथे सरकारी निवारा आहे, तिथे तक्रार घेतात, हे मला माहीत होतं. आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी मागे एकीला तिथे पोचवलं होतं. त्या वेळी सुचलं नाही, असं मी लोकांना सांगते. सुचलं होतं. पण तिथे गेलं की नाव द्यावं लागतं, कोण तुमची म्हणून विचारतात. हे बोलले आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, कारण निर्णय आता माझा राहिला नव्हता. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

तिला मी खोलीत जाऊन सांगितलं. म्हटलं, थोडे दिवस काढ, आम्ही त्यांच्याशी बोलतो, सुट्टी द्यायला सांगतो, मग बघू. तिने मान डोलावली. पलंगावरची चादर, जिथे ती बसली होती तिथे, नीट केली.

अंधार पडल्यावर आम्ही निघालो. मागच्या सीटवर तिच्याजवळ बसायचं सोडून मी पुढे बसले, पट्टा लावला. हे गाडी चालवत होते. रिफायनरीचे दिवे मागे राहिले, मग रिंग रोड, मग एकसारखी तीनमजली घरं. रस्ता ती सांगत होती, डावीकडे, आता सरळ, अगदी हळू आवाजात. त्या घरची मालकीण दाराशी आली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तिने छातीवर हात ठेवून आमचे आभार मानले, आत चहाला बोलावलं, पोरीच्या खांद्यावर हात टाकला. मी सुट्टीचं बोलले नाही, हाताचं बोलले नाही. पोरगी मागे वळली नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ती वळली आणि तिने मला हात केला.

त्या शुक्रवारी मेसेज आला नाही. पुढच्याही नाही. नंबर बंद. गुढीपाडव्याच्या आधी मी एकटी गाडी काढून तिथे गेले, मोठ्या तोऱ्यात, आज काय ते सगळं बोलून येते म्हणून. दार उघडलं ते दुसऱ्याच मुलीने, लहानखुरी, फिलिपिन्सची असावी. आधीची गेली, म्हणाली. कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि अरबीत काही बोलून तिने दार लावलं. फाटकाशी ड्रायव्हर गाडी धूत होता, केरळचा. तो म्हणाला, "वो तो कब की गयी, मॅडम. दूसरे घर दे दिया शायद." कुठलं घर, विचारलं. त्याने फडकं पिळलं आणि दुसरीकडे बघितलं.

तेव्हापासून चेहरे बघते आहे. त्यानंतर मी त्या सरकारी निवाऱ्यातही गेले, केनियाच्या दूतावासातही गेले, फोटो दाखवला. फोटोही चौदा वर्षांच्या मुलीचा, विरलेला स्वेटर घातलेला. मोठेपणीचा तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, तुमचं तिच्याशी नातं काय? ओळखीची आहे, म्हटलं.

घर आता मला नकोसं झालं आहे. मुलाच्या खोलीतली चादर मी बदलली, पडदे बदलले, तरी दुपारी तिथे कुणीतरी खिडकीशी उभं आहे असं वाटून मी जाताना चाहूल देते, खोकते. एकदा भाभीने विचारलं, कोणाशी बोलत होता ताई? मी म्हटलं, फोनवर. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, तिला दिसत होता.

आणि मग गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. दुपारची वेळ, हे ड्यूटीवर. इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज ऐकून वाटलं, आता विचारणार. आता सगळं बाहेर येणार. एका परीने मला बरंच वाटलं.

त्या मात्र आनंदात होत्या. म्हणाल्या, "तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. तुम्ही शब्द पाळलात. गावात सगळे तुमचं नाव घेतात."

मला काही कळेना.

त्या सांगत राहिल्या. मुलगी दर महिन्याला आजीला फोन करायची, वेगवेगळ्या नंबरांवरून. आईच्या घरीच राहते, म्हणायची. आईने मुलाची खोली दिली आहे, तिथून समुद्र दिसतो. आई जेवणावरून फार कडक आहे, चार पोळ्या खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. घरी सण असला की पुष्कळ बायका येतात, त्यांना तिळाची वडी देतात, आणि आई सगळ्यांना सांगते ही माझी मुलगी. हात दुखावला होता, तो आईने बांधून दिला.

सहा तास ती माझ्या घरात होती. त्या सहा तासांतून तिने पुढच्या कितीतरी महिन्यांचं आयुष्य करून आजीला सांगितलं होतं, आणि त्यातला माझा वाटा तिने स्वतः भरून काढला होता. म्हाताऱ्या बाईचा जीव राहावा म्हणून, आणि माझी अब्रू राहावी म्हणूनही. मी ओट्याची कड धरून उभी होते. रडू येत नव्हतं. आपण किती हलके आहोत, एवढंच वाटत होतं.

"पण गेले चार महिने तिचा फोन नाही," बाई म्हणाल्या. "आजीला आता दिसत नाही फारसं, गुडघ्यांमुळे चालवतही नाही. आज तिला सायकलवर बसवून शाळेत आणली आहे, फक्त यासाठी. म्हणाली, पोरीला कामं असतील, आपणच करू फोन. इथे माझ्याजवळच बसली आहे. जरा मुलीला फोन देता का?"

एवढ्या वर्षांत मला खरं बोलायची वेळ आली ती ही. बोलायचं म्हणून मी श्वासही घेतला. आणि तोंडातून आलं ते आपल्या घरांतून नको असलेल्या फोनला आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो ते उत्तर.

"ती आंघोळीला गेली आहे," मी म्हटलं.

बाईंनी त्यांच्या भाषेत आजीला सांगितलं. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, दोन-तीन शब्द, त्यात हसू होतं.

"आजी म्हणते, काही घाई नाही," बाई म्हणाल्या. "तिचं होऊ दे सावकाश. ती थांबते."

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, आणि पलीकडे ती थांबली होती.